आधी खूण, मग किल्ली

दहावीचा निकाल लागला की गोमंतकातील अनेक घरांत अलीकडे एक नवा सोहळा पार पडू लागला आहे. तो मुंजीचा नव्हे आणि वास्तुशांतीचाही नव्हे. दारात नवी कोरी स्कूटर येते. कधी कवळ्याच्या श्रीशांतादुर्गेसमोर, कधी म्हार्दोळला, तर कधी गावच्या ग्रामदेवतेपुढे ती उभी केली जाते. भटजी हँडलला झेंडूची माळ घालतात, कुंकवाचे स्वस्तिक रेखतात, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, नारळ फुटतो. लेकराला सांभाळ, असे गाऱ्हाणे देवीला घातले जाते. मग वडील किल्ली पुढे करतात आणि ती घेणारा हात बहुधा सोळा-सतरा वर्षांचा असतो. देवीवर सोपविलेल्या या सांभाळण्याच्या कामात मोठा वाटा रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या पत्र्याच्या पाट्यांचा आहे आणि त्या पाट्या वाचावयास त्या मुलास अद्याप कोणी शिकविलेले नाही, ही गोष्ट त्या आनंदाच्या घटकेस कुणाच्या ध्यानीमनीही नसते.

श्रद्धेची थट्टा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. आमचा आक्षेप आहे तो क्रमाला. अक्षरओळख झाल्यावाचून आपण मुलाच्या हाती ग्रंथ देत नाही. वाहन मात्र आधी देतो, आणि रस्त्याची अक्षरे त्याने पुढे केव्हातरी, धडपडत, पडत-झडत शिकावी असे गृहीत धरून मोकळे होतो.

आरंभी कायद्याचे पाहू, कारण त्याविषयी सुशिक्षित घरांतही अज्ञान आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर मोटार वाहन चालविण्यास वयाची १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. सोळा वर्षे पूर्ण झालेल्यास एक सवलत आहे, ती ५० सी. सी.पर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीपुरती, आणि तिच्यासाठीदेखील पालकांची लेखी संमती व रीतसर परवाना हवा. ‘गिअर नाही ना, मग सोळाव्या वर्षी चालते’ असे जे आम्ही ठिकठिकाणी ऐकतो त्यास कायद्याचा आधार नाही. ही सवलत कायद्यात आली तो काळ लूनाचा होता. १९७२ साली बाजारात आलेली ती गाडी चढावर पेडल मारून घेत असे आणि तिच्यावर बसलेल्या शाळामास्तरांस सायकलवाले मागे टाकीत. आज दुकानात जी स्कूटर मिळते तिचे इंजिन ११० किंवा १२५ सी. सी.चे असते. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलास कायद्याने जे वाहन चालविण्याची मुभा आहे ते दुकानात जवळजवळ मिळत नाही, आणि जे मिळते त्याची त्याला मुभा नाही. विजेवर चालणाऱ्या, ताशी २५ किलोमीटरांपेक्षा अधिक न धावणाऱ्या व २५० वॅटपर्यंतच्या शक्तीच्या छोट्या गाड्यांस परवाना लागत नाही हे खरे. परंतु परवाना लागत नाही म्हणून त्या गाडीसाठी चौकातील लाल दिवा हिरवा होत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने या कायद्यात १९९ अ हे कलम आले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक अथवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलास वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. हे कलम किती पालकांस ठाऊक आहे? किल्ली देणाऱ्या वडिलांस ते वाचून दाखविले तर स्वस्तिकाचे कुंकू वाळण्यापूर्वीच पुष्कळशा किल्ल्या पुन्हा कपाटात जातील, असा आमचा अंदाज आहे.

मे २०२४ मध्ये पुण्यात मध्यरात्रीनंतर एका महागड्या परदेशी मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला. मोटार १७ वर्षांचा मुलगा चालवीत होता असा आरोप आहे. त्याला जामीन देताना बाल न्याय मंडळाने घातलेल्या अटींत रस्ता अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती. तिच्यावर देशभर संताप उसळला, आणि तो रास्तच होता. आमच्या मनास मात्र दुसरीच गोष्ट टोचत राहिली. दोन प्राण गेल्यानंतर मागितलेला तो निबंध, वाहन हाती घेण्यापूर्वी आपण कोणत्या मुलाकडून मागतो? आमच्या शाळांतून पावसाळ्यावर निबंध होतात, माझी आई या विषयावर होतात, परीक्षा रद्द झाल्या तर काय होईल यावरही होतात. घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्यावर किती पाट्या आहेत आणि त्या काय सांगतात, हा विषय कुठल्या प्रश्नपत्रिकेत आल्याचे आम्हांस आठवत नाही.

परवान्याच्या वेळी हे सारे शिकविले जात असेलच, असे कोणी म्हणेल. शिकाऊ परवान्यासाठी वाहतूक खात्यात चाचणी होते हे खरे आहे. चिन्हे, रहदारीचे नियम, अपघात घडल्यास चालकाची कर्तव्ये असे विषय तीत असतात आणि उत्तीर्ण होण्यास ६० टक्के गुण पुरतात. म्हणजे दहांपैकी चार प्रश्न चुकले तरी परवाना मिळतो. इतिहासाच्या पेपरात चार उत्तरे चुकली तर पानिपतावर काही परिणाम होत नाही. चौकात मात्र त्या चारांपैकी एकच पुरते. शिवाय या चाचणीची तयारी कशी होते ते सर्वांस माहीत आहे. आदल्या रात्री मोबाइलवर प्रश्न आणि उत्तरे घोकली जातात, सकाळी ती पडद्यावर ओळखून बोट ठेवले जाते आणि संध्याकाळपर्यंत ती विसरली जातात. पुढे पक्क्या परवान्याच्या वेळी दुचाकीवर आठचा आकडा काढून दाखवावयाचा असतो. पाय न टेकता तो आकडा काढता येणे हे तोल उत्तम असल्याचे लक्षण आहे, समज असल्याचे नव्हे.

शिकाऊ परवाना सहा महिन्यांसाठी असतो आणि तो मिळाल्यावर निदान ३० दिवस गेल्यावाचून पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. या काळात गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्यावर लाल रंगात ‘एल’ हे अक्षर हवे. दुचाकीवर, शिकविणाऱ्या परवानाधारकाखेरीज, मागे कोणास बसविता येत नाही. प्रत्यक्षात आम्ही काय पाहतो? ‘एल’ अक्षर लावणे मुलांस कमीपणाचे वाटते. मागे मित्र असतो. कधी दोन असतात.

वास्तविक रस्त्याची भाषा ही जगातील अत्यंत सोपी भाषा आहे. तिला व्याकरण आहे आणि ते अर्ध्या तासात शिकविता येते. पाटीवरचे चित्र दिसण्याआधी पाटीचा आकार दिसतो, आणि आकारच पहिला अर्थ सांगतो. गोल पाटी ही आज्ञा आहे. तिच्याभोवती लाल कडे असेल तर बहुधा अमुक करू नका, आणि ती निळी असेल तर अमुक करा. त्रिकोणी पाटी आज्ञा देत नाही, ती सावध करते: पुढे वळण आहे, शाळा आहे, रस्ता अरुंद होतो आहे. चौकोनी पाटी केवळ माहिती देते. एवढी तीन सूत्रे ज्याला कळली त्याला निम्मी चिन्हे न घोकता कळतात. या नियमाला दोन जाणूनबुजून केलेले अपवाद आहेत. ‘थांबा’ची पाटी अष्टकोनी असते आणि ‘दुसऱ्यास वाट द्या’ची पाटी उलट्या त्रिकोणाची. रस्त्यावर हे दोन हुकूम सर्वांत महत्त्वाचे म्हणून त्यांस स्वतःचे असे आकार दिले आहेत. पाटी धुळीने माखली, वेलीने निम्मी झाकली, फार काय मागून दिसली, तरी ती काय म्हणते ते आकारावरून कळावे ही त्यामागची योजना. आमच्या कोकणपट्टीतील पावसाळी वेलींचा विचार ती आखणाऱ्यांनी केला नसेल, पण ती आमच्या कामी येण्याजोगी आहे खास.

दिव्यांचेही तसेच. पिवळा दिवा लागला म्हणजे वेग वाढवा, असा अर्थ आमच्या तरुणांनी आपापसांत ठरवून टाकला आहे, आणि तो त्यांनी वडीलधाऱ्यांकडूनच घेतला आहे. पिवळ्याचा अर्थ थांबा असा आहे. रेषेच्या इतके जवळ आला असाल की थांबणे धोक्याचे ठरेल, तरच पुढे जावे. रात्री उशिरा चौकात पिवळा दिवा उघडझाप करीत असतो, तेव्हा सिग्नल बिघडला आहे असे समजून गाड्या भरधाव जातात. तो बिघडलेला नसतो. वेग कमी करून, सावधपणे पुढे जा असे तो सांगत असतो. आणि उघडझाप करणारा दिवा लाल असेल तर पूर्ण थांबावे, दोन्हीकडे पाहावे आणि वाट मोकळी असेल तरच निघावे. हा एक भेद आम्ही अनेक वर्षे वाहन चालविणाऱ्यांस विचारून पाहिला आहे. उत्तराऐवजी बहुधा हसू मिळाले.

रस्त्यावरच्या रेघांविषयी तर बोलावयासच नको. तुटक पांढरी रेघ, समोरून कोणी येत नसेल तर ओलांडता येते. सलग रेघ ओलांडून पुढच्या वाहनास मागे टाकता येत नाही. एक सलग व तिच्या शेजारी एक तुटक अशी जोडी असेल तर तुटक रेघ ज्याच्या बाजूस त्यालाच मुभा. वळणावर वा चढावर ही सलग रेघ कोणी रंगाची हौस म्हणून मारलेली नसते. पलीकडून येणारा ट्रक तेथून दिसत नाही, हे मोजून ती मारलेली असते.

आणि येथेच शिकविण्याचे मर्म आहे. मुलास नुसता नियम सांगितला तर तो पोलीस दिसेपर्यंत पाळला जातो. नियमामागचे कारण सांगितले तर तो पोलीस नसतानाही आठवतो. चोर्ला घाटातून बेळगावकडे जाताना अरुंद जागी चढणाऱ्या वाहनास उतरणाऱ्याने वाट द्यावी असा नियम आहे. का? भरलेले वाहन चढावर एकदा थांबले की पुन्हा निघताना मागे घसरते, उतरणाऱ्यास मात्र थांबणे व निघणे सोपे असते. एवढे सांगितले की मूल तो नियम जन्मभर विसरणार नाही. पणजीच्या दिवजा सर्कलसारख्या वर्तुळाकार चौकात आत आधीच फिरणाऱ्या वाहनाचा हक्क पहिला, बाहेरून येणाऱ्याने थांबावे. का? बाहेरच्यास प्राधान्य दिले तर आतली वाहने बाहेर पडूच शकणार नाहीत आणि चौक काही मिनिटांत कोंडेल. आमच्याकडे तेथे ज्याचा हॉर्न मोठा त्याचा हक्क पहिला असतो, आणि चौक कोंडतोही.

अकरावीच्या पदार्थविज्ञानात गती आणि वेग यांची गणिते असतातच. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात साडेसोळा मीटरांहून अधिक अंतर कापते. समोर गाय आली हे डोळ्यांना दिसून बोटे ब्रेकवर आवळली जाईपर्यंत तेवढा एक सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच एखाद्या बसच्या लांबीहून अधिक रस्ता मागे पडलेला असतो. ताशी ४० असेल तर हेच अंतर अकरा मीटर होते. मृगाच्या पहिल्या सरीत रस्त्यावरची धूळ, तेल आणि आमची लाल माती एकत्र कालवली गेली की चाक थांबूनही गाडी थांबत नाही. फळ्यावर हे गणित सोडवून पैकीच्या पैकी गुण मिळविणारा विद्यार्थी दुपारी तेच गणित रस्त्यावर चुकवितो, कारण ते त्याच्याच स्कूटरचे गणित आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

रस्त्याचे नियम हे निसर्गनियम नव्हेत, ते माणसांनी आपसांत केलेले ठराव आहेत. म्हणूनच ते आपोआप उमजत नाहीत, शिकवावे लागतात. आमच्याच भूमीचे उदाहरण पाहा. पोर्तुगालने १९२८ साली आपली रहदारी डावीकडून उजवीकडे नेली. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात मात्र ती डावीकडूनच चालू राहिली, कारण सभोवतालच्या ब्रिटिश मुलखातील रस्ते डाव्या बाजूचे होते. सत्ता लिस्बनची आणि रस्ता शेजाऱ्यांशी जुळलेला, असा तो व्यवहारी ठराव. लाल-हिरव्या दिव्यांचाही तसाच इतिहास आहे. ते रेल्वेकडून उसने घेतले आणि १८६८ च्या अखेरीस लंडनमध्ये पार्लमेंटजवळ प्रथम लागले तेव्हा ते गॅसचे होते. काही आठवड्यांतच त्यांतला गॅस पेटून ते चालविणारा पोलीस होरपळला. एवढ्या सायासाने माणसांनी जी खूणगाठ बांधली ती आम्ही पुढच्या पिढीस नीट सांगतही नाही.

देशात २०२२ साली रस्ता अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यांत दुचाकीवरचे शेकडा ४४ हून अधिक होते, आणि हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,००० च्या वर होती. हे आकडे वाचून कुणाचाही हात थरथरत नाही हे आम्ही जाणतो. गावच्या वळणावर कोणीतरी फुले ठेवतो आणि ज्याच्यासाठी ठेवतो त्याचे नाव आपल्याला ठाऊक असते, तेव्हाच आकड्याला तोंड फुटते.

मूल प्रथम शिकते ते घरच्या गाडीच्या मागच्या आसनावर बसून. परवाना काढण्याआधी दहा-बारा वर्षे त्याची शिकवणी चालू असते. वडील हेल्मेट कोपरात अडकवून निघतात, पुढे पोलीस दिसला की डोक्यावर चढवितात. दुभाजकाला वळसा घालण्याचा कंटाळा म्हणून दोनशे मीटर उलट दिशेने जातात. ‘जवळच तर जायचे आहे’ हे वाक्य मुलाच्या कानी पडत राहते. आई मागे बसते ती उघड्या डोक्याने, कारण आबोलीची फाती चुरगळते. चार वर्षांवरील प्रत्येकास, मग तो चालविणारा असो वा मागे बसणारा, हेल्मेट सक्तीचे आहे हा कायदा त्या घरी पोचलेलाच नसतो. मग सतराव्या वर्षी त्याच मुलास ‘नियम पाळ हं’ असे बजावले जाते. त्याने नियम पाहिलेलेच नसतात, पाहिल्या असतात त्या पळवाटा.

आणखी एक विषय आहे, आणि तो बोलावयास अवघड म्हणून टाळला जातो. आपल्या हातून अपघात घडला तर काय करावयाचे? बहुतेक मुले पळून जातील, कारण भीतीशिवाय त्यांना काहीच शिकविलेले नाही. कायदा सांगतो की चालकाने थांबावे, जखमीस वैद्यकीय मदत मिळवून द्यावी आणि लवकरात लवकर, २४ तासांच्या आत पोलिसांस कळवावे. जमाव अंगावर येत असेल अशा प्रसंगाचाही कायद्याने विचार केला आहे. वाटेने जाणारा कोणी जखमीस मदत करील तर २०१९ च्या दुरुस्तीने त्याला संरक्षण आहे. १०८ हा क्रमांक पाठ असणे आणि ‘बाबा, माझ्या गाडीची कुणाला तरी धडक बसली’ असा फोन घरी करण्याचा धीर असणे, या दोन गोष्टी मुलाजवळ नसतील तर त्याला वाहन देऊ नये असे आम्ही स्पष्ट म्हणू. दुसरी गोष्ट अर्थातच बापाने आधी कमावलेली असावी लागते.

सरकारलाही याच ओळीत उभे करणे भाग आहे. पाटी वाचा असे मुलास सांगावे तर पाटी दिसावयास हवी. ‘पुढे शाळा आहे’ या त्रिकोणावर एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक बांधलेला असतो. श्रावणात रान असे माजते की ‘थांबा’ची पाटी चतुर्थीला गवत कापले तरच दिसते. झेब्रा पट्टे झिजून रस्त्यासारखेच काळे झालेले असतात. आणि मुळात सतरा वर्षांच्या मुलास स्कूटर का द्यावी लागते? १९८० साली कदंब महामंडळ स्थापन झाले ते गोमंतकीयास बस मिळावी म्हणून. सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या गावांतून उच्च माध्यमिकाच्या वेळेला जाणारी आणि शिकवणी संपल्यावर परत आणणारी बस असती तर अनेक पालकांनी किल्ली आणखी वर्षभर कपाटात ठेवली असती. या पालकांस नुसते दोष देणे अन्यायाचे होईल. मुलगी सायंकाळी सातला थांब्यावर तासभर उभी राहण्यापेक्षा तिने गाडीने घरी यावे, असे आईस वाटले तर तिला बेजबाबदार कोणी म्हणावे?

दरवर्षी जानेवारीत रस्ता सुरक्षेचा सोहळा होतो. प्रभातफेरी निघते, रांगोळ्या घातल्या जातात, घोषवाक्यांस बक्षिसे मिळतात. त्याऐवजी, किंवा फार तर त्याबरोबर, अकरावीच्या पहिल्या पंधरवड्यातच रोज एक तास याला द्यावा. वाहतूक खात्याचा एक अधिकारी आणि रुग्णवाहिकेवर काम करणारा एक माणूस वर्गात यावा. भाषणे नकोत. मुलांनी आपल्या गावापासून विद्यालयापर्यंतच्या रस्त्याचा नकाशा काढून आणावा, त्यावर प्रत्येक पाटी, प्रत्येक रेघ, प्रत्येक दिवा दाखवावा आणि पाटी हवी तेथे नसेल तर तेही लिहावे. हे नकाशे सार्वजनिक बांधकाम खात्याने मागवून घ्यावे. फुकटात इतकी बारीक पाहणी त्याला दुसरीकडून मिळणार नाही. घरी पालकांनी किल्ली देण्याआधी सहा महिने मुलास मागे बसवावे, आणि पाटी आली की तिने काय सांगितले ते त्याने बोलून दाखवावे. या परीक्षेत ६० टक्के चालणार नाहीत. वडिलांची चूक दिसली तर तीही त्याने बोलून दाखवावी, असे आम्ही सुचवू, जरी ही सूचना सर्व घरांत आवडेलच असे नाही.

बांधकाम खात्याचे काम मात्र त्याआधीच उरकले पाहिजे. एकदा पाऊस लागला की ओल्या डांबरावर पांढरा रंग धरत नाही, आणि अकरावीचे वर्ग पावसातच भरतात.